मसाला तुमचा, खातं कोणाचं?

मालवणच्या बाजारात मसाला, खाजं, कोकमाचं आगळ विकणाऱ्या बायकांपुढेही आता क्यूआर कोडचा कागद दिसतो. "ताई, कुठलं ॲप घेऊ?" असं विचारतात. अगं, कुठलंही घे! यूपीआय २०१६ साली आलं, तेच मुळी कुठल्याही ॲपवरून कुठल्याही बँकेत पैसे जावेत म्हणून. पण मैत्रिणींनो, ते जातात कोणाच्या खात्यात? नवऱ्याच्या, नाहीतर मुंबईतल्या लेकाच्या. मिरच्यांनी हात हिचे जळायचे आणि बाटल्या आणायला पैसे मागायचे लेकाकडे! खातं आपल्या नावावर, त्याला जोडलेला मोबाइल नंबरही आपलाच हवा. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं भाडं आधी विचारा. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं तरी ते चुकत नाही. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी मागितलाच, तर सरळ फोन ठेवा.