पाटी लावली म्हणजे कुलूप लागत नाही

नरखेड तालुक्यातील संत्रा उत्पादकाचा सातबारा एके काळी तलाठ्याच्या दप्तरात बंदिस्त असे. आज तो ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. दप्तर उघडे झाले हे इष्टच झाले. परंतु कोणते पान कोणासाठी उघडे असावे, हा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही.

शोधयंत्रांचे ‘क्रॉलर’ अहोरात्र संकेतस्थळे वाचून त्यांची सूची करीत असतात. त्यांनी कोठे फिरकू नये, हे सांगणाऱ्या ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या छोट्या फाइलची प्रथा १९९४ साली पडली. संकेतस्थळाची बांधणी चालू असता चाचणीच्या प्रतीवर सर्वांस मज्जाव असावा आणि जनतेसाठीची प्रत सिद्ध होताच तो उठावा, हे साधे तत्त्व आहे. ही अदलाबदल बांधणीच्या आज्ञावलीतच व्हावयास हवी; ती कोणाच्या स्मरणावर सोडणे धोक्याचे आहे.

कारण विसर दोन्ही बाजूंनी महाग पडतो. चाचणीचा मज्जाव तसाच राहिला, तर शिष्यवृत्तीची सूचना प्रसिद्ध होऊनही विद्यार्थ्याला शोधून सापडत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कलम ४ अन्वये शासनावर घातलेले स्वयंप्रेरित प्रकटनाचे बंधन मग कागदावरच उरते. उलट, चाचणीची प्रत मोकळी राहिली, तर अपुरे मसुदे आणि लाभार्थ्यांच्या याद्या जगाच्या सूचीत जातात.

तथापि या फाइलवर भिस्त ठेवणे हाही भ्रमच होय. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर ती मानतो, असभ्य मानीत नाही; शिवाय ती कोणालाही वाचता येत असल्याने तीत गुप्त कप्प्याचे नाव लिहिणे म्हणजे चोराला तिजोरी दाखविणे होय. २०१७ साली सुमारे २१० शासकीय व शैक्षणिक संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक प्रसिद्ध झाल्याचे उघडकीस आले. तेथे प्रश्न क्रॉलरला अडविण्याचा नव्हता. ती माहिती मुळात तेथे ठेवण्याचाच होता.

चावडीवर लावलेली यादी पावसात भिजते, फाटते आणि गाव ती विसरते. यंत्राची सूची सहजासहजी विसरत नाही. म्हणून जे सार्वजनिक आहे ते निःसंकोच शोधता यावे आणि जे खाजगी आहे ते प्रवेशपत्राआड असावे. हा विवेक संकेतस्थळाचा पहिला दगड बसविताना दाखविला पाहिजे. माहिती बाहेर पडल्यानंतरच्या चौकशीने तो साधत नाही.