तसबिरीच्या मागचा फोटो

गेल्या माघात कर्जतला, दहिवलीत, आत्याकडे गेले होते. आत्या आता 86 वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे तिला विस्मरणाचा आजार आहे. सकाळचा चहा झाला की नाही हे तिच्या ध्यानात राहत नाही. सुनेला ती कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारते, कधी नुसतेच 'बाई' म्हणते.

त्या दिवशी देवघरावरची वरदविनायकाची तसबीर माझ्या आतेभावाने उतरवली होती. पावसाळ्यात तिला ओल लागली होती आणि मागचा पुठ्ठा फुगला होता. खिळे काढून पुठ्ठा सोडवला, तर पुठ्ठा आणि देवाचे चित्र यांच्यामध्ये एक कृष्णधवल फोटो निघाला. पूर्वी काचेची चौकट ही चैनीची वस्तू असे. नवे चित्र आले की ते जुन्याच्याच पुढे बसवीत. जुने टाकवत नसे आणि त्यासाठी दुसरी चौकट परवडत नसे. आपल्या घरीही एखादी जाड, जड तसबीर असेल तर वाचकांनी तिच्या पाठीमागे एकदा जरूर पाहावे.

फोटोत महडच्या देवळाशेजारचे तळे होते आणि तळ्याच्या काठी वीस-बावीस माणसे. खालापूर तालुक्यातले हे देऊळ 1725 साली बांधलेले. माघी चतुर्थीला तिथे जाण्याची आमच्या घराण्याची जुनी रीत. हा फोटो घरात 'हरवलेला फोटो' म्हणूनच ओळखला जाई. तो कर्जतकरांनी नेला असे खोपोलीचे काका म्हणत, आणि खोपोलीलाच राहिला असे कर्जतकर. द्रुतगती महामार्गात खालापूरकडची जमीन गेली, मोबदल्याच्या वाटणीवरून बहीणभावांत अबोला धरला गेला, आणि तक्रारींच्या यादीत या फोटोचीही भर पडली. पैशाचा हिशेब कधीतरी संपला. फोटोचा राहिला. कर्जत ते खोपोली लोहमार्ग 1856 सालापासून आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी मधली चारच स्थानके, जेमतेम 15 किलोमीटरचे अंतर. तेवढ्या अंतरात पाव शतक सुतकाला येणेजाणे राहिले, सणाला नाही.

आतेभावाने फोटो आत्यासमोर धरला आणि आपण सगळेच विचारतो तेच विचारले, "आई, हे कोण, ओळख बघू?" आत्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला. तिने एकदा फोटोकडे, एकदा मुलाकडे पाहिले आणि फोटो बाजूला सारला.

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. विस्मरण झालेल्या माणसाला आपण विसरतो आहोत याची पुसट जाणीव बहुधा असते, आणि 'ओळख बघू' हा प्रश्न नेमके त्या जाणिवेवर बोट ठेवतो. अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो; त्यामुळे आजची न्याहारी हरवते, पण 60 वर्षांपूर्वीचे जेवण सापडू शकते. साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी माणसाजवळ अधिक दाट असतात, असे संशोधनात दिसून आले आहे. मात्र त्या मागितल्या की येतातच असे नाही. त्यांना वाट करून द्यावी लागते.

ते त्या घरातल्या सुनेला कळले. तिने काही विचारले नाही. दुपारी जेवणे झाल्यावर आत्याचा चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला, फोटो उजेडात ठेवला आणि शेजारी बसून ती सहज म्हणाली, "आई, केवढी गर्दी होती हो त्या दिवशी!"

बराच वेळ गेला. मग आत्या म्हणाली, "थंडी होती. गाडीत नारळ माझ्या मांडीवर होता." आणि खाली बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलावर बोट ठेवून म्हणाली, "हा रडत होता. याची चप्पल तळ्यात पडली."

तो मुलगा म्हणजे काका.

वृद्धांच्या आठवणींकडे वैद्यकाने कौतुकाने पाहायला फार उशिरा सुरुवात केली. जुन्या गोष्टी उगाळणे हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली वेगळा विचार मांडला: उतारवयात माणूस आपले आयुष्य पुन्हा चाळतो, अपुरे राहिलेले उचलून पाहतो, आणि ही क्रिया स्वाभाविक आहे. पुढे यातून स्मरणोपचाराची पद्धत रूढ झाली. तिच्याविषयी अवाजवी आशा मात्र बाळगू नये. 2018 साली कॉक्रेन संस्थेने विस्मरणाच्या रुग्णांवरील 22 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा परिणाम आढळले ते लहान आणि सर्वत्र सारखे नसलेले. फोटो पाहून आजार मागे फिरत नाही. एक दुपार बरी जाते. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला एका दुपारचे मोल ठाऊक असते.

तेव्हा वेळ निवडावी ती सकाळची किंवा दुपारची. दिवेलागणीच्या सुमारास अनेकांचा गोंधळ वाढतो. एका वेळी एकच फोटो, शक्य तर मोठा करून घेतलेला. नावे विचारण्यापेक्षा साडी, गाडी, जेवण, थंडीपाऊस यांविषयी आपणच काही बोलावे आणि थांबावे. थांबणे हेच कठीण असते. फोटोतल्या दिवंगत माणसाची चौकशी झाली तर 'ते कधीच गेले' ही वार्ता दर वेळी नव्याने ऐकवू नये, कारण दुःखही दर वेळी नवेच होते. 'त्यांची आठवण येते ना, कसे होते ते?' एवढे पुरते. रडू आले तर येऊ द्यावे, पण जीव घाबरा झाल्यास फोटो मिटून चहा ठेवावा.

संध्याकाळी आतेभावाने खोपोलीला फोन लावला. चपलेची गोष्ट सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, "निळा पट्टा होता तिला." पुढच्या रविवारी ते खोपोलीच्या लोकलने आले. वय 75, गुडघे दुखतात. कर्जतच्या पुलाचे जिने चढून उतरून आले.

आत्याने त्यांना ओळखले नाही. म्हणजे ओळखले, पण भाऊ म्हणून नव्हे. "अप्पा, तुम्ही कधी आलात?" असे तिने विचारले, वडील समजून. काकांच्या मनात पाव शतकाचे बोलणे साठले असणार, ते ओठांवर आलेलेही मी पाहिले. तेवढ्यात आत्याने त्यांचा हात धरला. "अप्पा, त्याला मारू नका हं. चप्पल मुद्दाम नाही टाकली त्याने."

काका म्हणाले, "नाही मारणार."

हे खोटे बोलणे झाले का, असे वाचक मला अनेकदा विचारतात. माझे मत असे की, जिवाला धोका नसेल तिथे चूक दुरुस्त करण्याची घाई करू नये. मी स्वतः आधीच्या दोन भेटींत आत्याच्या तारखा सुधारत बसले होते. त्यातून तिला काही मिळाले नाही, मला समाधान मिळाले इतकेच.

फोटोचा कोपरा बुरशीने खाल्ला आहे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि ती रंगीत फोटोपेक्षा टिकते. पण ती धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो, तो आमच्याकडच्या पावसाळी ओलीत फुगतो. असा फोटो ओल्या फडक्याने पुसू नये. काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट तिरप्या उजेडात मोबाईलने टिपून घ्यावा. नावे मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहावीत. आणि प्रती प्रत्येक घरी द्याव्यात. 19 जुलै 2023 च्या रात्री याच तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. जे वाचले त्यांची घरे ढिगाऱ्याखाली गेली, आणि घरांबरोबर भिंतीवरची माणसेही. अशा वेळी परगावच्या नातलगाकडे असलेली एक प्रत हीच काय ती उरते.

मूळ फोटो काकांनी नेला नाही, प्रत नेली. तिच्या मागे त्यांनी 17 नावे लिहिली आहेत. डावीकडून तिसरी, पदर डोक्यावर घेतलेली बाई कोण, यावर त्यांचे आणि आतेभावाचे एकमत नाही. काका म्हणतात मावशी, आतेभाऊ म्हणतो शेजारची कोणी. आत्याला विचारले, तर ती दर वेळी वेगळे नाव सांगते. काका आता पंधरवड्यातून एकदा येतात आणि दर वेळी ते नाव वहीत लिहून घेतात.