मर्यादेच्या आतले

माळशिरस तालुक्याचा बागायती इतिहास अभिमानाने सांगितला जातो. भाटघर धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने आले. सासवडच्या माळ्यांनी 1932 मध्ये कारखाना उभा केला. माळीनगर वसले, श्रीपूर वसले. त्या पहिल्या पिढीचे कष्ट खरे होते, त्यांच्या नातवंडांनी ते सांगावेतच.

पण कालव्याकाठची सगळी जमीन काही ऊस पिकवणाऱ्यांची नव्हती. साखर कंपन्यांनी ती गावोगावच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली. सातबारा एकाचा, ऊस दुसऱ्याचा. त्या सातबारावाल्याच्या घराण्याचा इतिहास कुणी लिहायचा?

1961 मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कंपन्यांच्या ताब्यातले हजारो एकर सरकारने काढून घेतले, ते रास्तच होते. मात्र त्याच कायद्याचे 28 वे कलम उघडून पाहावे. कारखान्याला कच्चा माल पूर्ण आणि अखंड मिळत राहावा, ही तिथली चिंता. त्यासाठी जमिनीचे तुकडे पडू द्यायचे नव्हते. म्हणून 1963 मध्ये शेती महामंडळ निघाले आणि खंडाच्या जमिनीही त्याच्याकडे गेल्या. ज्या शेतकऱ्याकडे मर्यादेबाहेर गुंठाही नव्हता, त्याची जमीन मर्यादेच्या कायद्याने गेली. उसाची काळजी वाहणाऱ्या कायद्याने मूळ मालकाची काळजी वाहिली नाही.

मग खंडाने जमिनी दिलेल्या या शेतकऱ्यांची, म्हणजे खंडकऱ्यांची, चळवळ. मोर्चे, निवेदने, कोर्टाच्या तारखा. माधवराव गायकवाडांसारख्या नेत्यांचे उभे आयुष्य त्यात गेले. जमिनी परत देण्याचा निर्णय 2012 मध्ये झाला. कंपनीला खंडपत्र लिहून देणारा आजोबा तोवर कधीच गेला होता. वाटपाला वारस आले, वारसांचेही वारस आले. आधी वारसदाखला काढा, मग मोजणीची वाट पाहा.

आणि जमीन हाती आली ती कशी? भोगवटादार वर्ग 2 म्हणून. विकायची तर सरकारची परवानगी लागायची. हा शेरा सरकारने दान दिलेल्या जमिनीवर शोभतो. इथे दान कुणी कुणाला दिले? आजोबाच्या नावावर अट नव्हती, मग नातवाच्या नावावर ती आली कुठून? या जमिनी पहिल्या दिवसापासून वर्ग 1 च्या, बिनअटीच्याच होत्या. वर्ग 2 चा शेरा पुसण्यासाठी खंडकऱ्याला अर्जाची एक ओळही लिहावी लागायला नको होती.