फिरती पंगत

जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेल्या मास्तरानें उतारवयांत जपानांतील सुशीच्या उपाहारगृहाविषयीं लिहावें, हें पाहून आमच्या नेहमींच्या वाचकांच्या भुंवया वर जातील, हें आम्ही जाणून आहों. सुशी म्हणजे मासे. मग आमच्यासारख्याच्या सदरांत त्यांचें काय काम? परंतु गेल्या उन्हाळ्यांत ओसाका येथें चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला असतां जी गोष्ट घडली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचा आठ वर्षांचा नातू तेथेंच वाढलेला. पहिल्या आठवड्यांत घरचीं माणसें अशा एका ठिकाणीं जेवावयास निघालीं, तेव्हां आम्ही दहीभात खाऊन घरींच राहिलों. परत आल्यावर नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्हांला आमच्याबरोबर जेवायला आवडत नाहीं का?” कोणत्याहि सूत्रानें या प्रश्नाचें उत्तर देतां येईना. पुढच्या रविवारीं आम्हीं निमूटपणें पायांत जोडे घातले.

दृश्य मोठें मौजेचें होतें. आपल्या पंगतींत वाढपी फिरतो. येथें वाढपीच नाहीं, ताटल्याच फिरतात! मेजालगत एक पट्टा संथपणें सरकत असतो, त्यावरून झांकण घातलेल्या ताटल्या जातात, आणि ज्यानें त्यानें हवी ती उचलावयाची. ही युक्ति योशिआकी शिराइशी या गृहस्थाची. बिअरच्या कारखान्यांत पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ती सुचली, आणि १९५८ सालीं त्यानें ओसाकाजवळ असें पहिलें दुकान काढलें. १९७० सालच्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली आणि पुढें देशभर पसरली.

पट्ट्यावरून काय काय जात होतें! भाताच्या मुटक्यावर कच्चा मासा हा रूढ प्रकार. पण त्याच्या मागोमाग मक्याचे दाणे, तळलेलें वांगें, मांसाचा वडा आणि अखेर केकचा तुकडाहि. ‘ही कसली परंपरा!’ म्हणून आम्ही नाक मुरडणार, तोंच चिरंजीवांनीं सांगितलें कीं, मुळांत सुशी म्हणजे भातांत महिनोन्‌महिने मुरविलेला मासा. तो खावयाचा आणि भात टाकून द्यावयाचा! भातांत शिरका घालण्याची चाल मागाहून आली, आणि हातानें दाबलेला मुटका तर एकोणिसाव्या शतकांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, लोकप्रिय झाला. आम्ही गप्प बसलों. आपल्या उपासाचा बटाटा तरी कोठें वेदकालीन आहे?

त्याहून मोठा धक्का पुढेंच होता. सुशीच्या भाताला तेथें ‘शारी’ म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे आपलें ‘शरीर’! बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गें जपानांत गेला. बुद्धाच्या अस्थींना तें नांव पडलें, आणि शुभ्र भाताचीं शितें त्या अस्थिकणांसारखीं दिसतात म्हणून भातालाहि तें मिळालें. परक्या गांवीं अवचित जुना विद्यार्थी भेटावा, तसें आम्हांला झालें.

सूनबाईंनीं आमच्यासाठीं काकडीच्या सुरळ्या मागविल्या. समुद्रशैवालाच्या पापुद्र्यांत आंबटगोड भात आणि मधें काकडी; चव सौम्य, पण खरोखर रुचकर. त्यानंतर चिरंजीवांनीं एक ताटली पुढें सरकविली. सोयाबीनच्या तळलेल्या पनिराच्या पिशवींत भात भरला होता. “नाना, यांत मासा नाहीं,” ते म्हणाले. आम्हीं ती पिशवी उचलली, तोंच नातवानें आमचें मनगट धरलें.

“आजोबा, ती नको! ती माशाच्या पाण्यांत शिजवतात.”

चिरंजीव वरमले. त्यांना तें ठाऊक नव्हतें, कीं आम्ही अर्धपोटीं उठूं या चिंतेनें तें त्यांना आठवलें नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. नातवानें ती पिशवी आमच्या हातांतून घेतली आणि स्वतः मिटक्या मारीत खाऊन टाकली!

वाचकहो, आमचा नियम आमच्याबरोबर संपणार, ही खंत आम्ही कित्येक वर्षें उराशीं बाळगून होतों. हा मुलगा तो नियम पाळणार नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्याला त्या नियमाचें बंधन नाहीं, त्यानेंच तो आमच्यासाठीं राखला. घरीं एकटे बसून आम्हीं तो राखला होता, तेव्हां मात्र एका लेंकराचें मन दुखावलें होतें.

परततांना चिरंजीवांनीं आणखी एक हकीकत सांगितली. २०२३ सालीं कांहीं टवाळ तरुणांनीं अशा दुकानांतून सॉसच्या बाटल्या चाटल्याचीं चलच्चित्रें पसरलीं, आणि जपानभर संताप उसळला. कित्येक दुकानदारांनीं तेव्हांपासून ताटल्या फिरविणेंच थांबविलें. मागावें तेवढेंच येतें. उष्ट्याखरकट्याचा विचार केवळ आपल्याच घरांत आहे, अशी आमची समजूत होती. फिरती असो वा बसती, पंगत चालते ती शेजारी बसलेल्याच्या भरंवशावर.

निघतांना हिशेबासाठीं रिकाम्या ताटल्या मोजतात. नातवाच्या सात झाल्या होत्या, आमच्या तीन. त्यानें आमच्या तिन्ही आपल्या उतरंडीवर चढविल्या आणि मोठ्यानें सांगितलें, “आमच्या दोघांच्या दहा!”