कानाचे यंत्र घेण्याआधी

मागच्या ग्रामसभेत एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याला पीक विम्याची शेवटची तारीख ऐकूच गेली नाही. मान डोलावली अन् घरी गेले. मुदत टळली. पुन्हा विचारायची लाज वाटली, एवढंच कारण.

शेतकरी बंधूंनो, मळणीयंत्र, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन यांच्या आवाजात वर्षानुवर्षे राबलेले कान हळूहळू जातात. आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही; यंत्राचा आधार घ्यावा लागतो. पण बाजारातून मिळेल ते यंत्र उचलून कानात घालणे म्हणजे माती परीक्षण न करता खताचे पोते ओतणे. आवाज वाढतो, बोलणे कळत नाही, अन् यंत्र कोनाड्यात पडते.

आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा; कधी नुसता मळच असतो. मग श्रवणतज्ज्ञाकडून दोन्ही कानांचा आलेख काढून घ्या. जाताना घरचे माणूस सोबत न्या. फोनवर, सभेत की नातवाचे बोलणे, नेमके कुठे अडते ते कागदावर लिहून न्या. यंत्र लावून तिथेच बोलून पाहा. सेलचा खर्च, हमी, दुरुस्ती कुठे होते, हे विचारा. पक्की पावती घ्या. सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि २ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी ३ हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही पुढच्या सभेत नुसती मान डोलावणाऱ्यांजवळ जाऊन विचारावे, "बाबा, कळलं का?"