गुप्त वाटेचे मोल

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारताच मध्यमवर्गीय घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. अभ्यासाची हेळसांड, रात्रीची जागरणे आणि पडद्यावरील मारधाड एवढाच त्या शब्दाचा अर्थ बहुतेक घरांत रूढ झाला आहे. ही चिंता निराधार नाही. परंतु ज्या गोष्टीपाशी घरातील तरुण मुले तासन् तास बसतात, ती गोष्ट आतून कशी आहे हे न पाहताच तिच्याविषयी निवाडा देणे शहाणपणाचे नव्हे. सर्व पुस्तकांना जसे एकच माप लावता येत नाही, तसे ते या खेळांनाही लावता येत नाही. काही खेळ मनाला गुंगवून ठेवतात, तर काही मनाला कामाला लावतात. दुसऱ्या प्रकारचा खेळ कसा असतो, हे समजण्यासाठी एका जपानी खेळातील दुर्गम प्रदेशाची वाट पाहण्यासारखी आहे.

या खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने तयार केलेला हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे असून त्यातील पुराणसदृश पूर्वकथा अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचली आहे. जून २०२४ पर्यंत या खेळाच्या अडीच कोटी प्रती विकल्या गेल्या. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची आणि एका विस्तीर्ण, उद्ध्वस्त, अद्भुत भूमीत भ्रमंती करायची, असे त्याचे स्वरूप आहे. कोणते काम झाले, कोणते राहिले याची यादी येथे मिळत नाही. मुख्य कथानकाची दिशा सुचवणारे पुसट सोनेरी किरण तेवढे अधूनमधून दिसतात. आडवाटांविषयी मात्र खेळ मौन पाळतो.

या भूमीच्या टोकाला 'हेलिगट्री' नावाचा एक अवाढव्य वृक्ष आहे. तेथे पोहोचण्यासाठी एका गुप्त पदकाचे दोन तुकडे मिळवावे लागतात. पहिला तुकडा एका कड्याखालच्या जळक्या, भग्न गावात आहे. गावात मातीच्या मडक्यांचे ढीग पडलेले असतात. खेळणारे अशी शेकडो मडकी येता-जाता फोडत असतात. त्यांतील एक मडके मात्र मडके नसून मंत्रबळाने रूप पालटून लपलेला एक वृद्ध आहे. त्याला धक्का लागला तरच तो प्रकट होतो आणि जपलेला तुकडा हवाली करतो. दुसरा तुकडा हिमपर्वतांच्या उत्तर टोकाला, कॅसल सोल या किल्ल्यात आहे. तेथील सेनापती नायल याचा पराभव केल्याशिवाय तो हाती लागत नाही.

दोन्ही तुकडे जुळल्यावर रोल्ड येथील प्रचंड लिफ्टपाशी परत यावे लागते. हीच लिफ्ट खेळणाऱ्याने पूर्वी वापरलेली असते. फरक एवढाच, की या खेपेस नेहमीच्या पदकाऐवजी गुप्त पदक उंचावण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. मग तीच लिफ्ट वेगळ्या ठिकाणी पोहोचवते. पुढे अंधारी गुहा आणि खोल दरी लागते. दरीवर पूल आहे, पण तो अदृश्य आहे! त्यानंतर हाताभरावरचेही दिसू न देणारे हिमवादळ आणि त्यापलीकडे ऑर्डिना हे निर्मनुष्य नगर येते. तेथे न दिसणाऱ्या मारेकऱ्यांना चुकवत चार ठिकाणच्या ज्योती पेटवाव्या लागतात. तेव्हा कुठे बंद द्वार उघडते आणि वृक्षाच्या फांद्या लागतात. फांदीवरून एक पाऊल चुकले की कडेलोट ठरलेला.

एवढ्या खटाटोपानंतर जे दिसते, ते या खेळातील सर्वोत्कृष्ट स्थळांपैकी एक आहे. तरीही त्यातले काहीच अनिवार्य नाही. हेलिगट्री न पाहताही खेळ पूर्ण करता येतो. आपली उत्तम कलाकृती अशा जागी मांडायची, की अनेकांच्या दृष्टीस ती पडणारच नाही, हे धाडस बाजारपेठेच्या गणितात बसणारे नाही.

दडवण्यामागचे कारण

ही दुर्गमता केवळ निर्मात्याची लहर नाही. कथेनुसार मिकेला नावाच्या राजपुत्राने हा वृक्ष आपल्या रक्ताचे सिंचन करून वाढवला. सत्तेच्या सुवर्णवृक्षाने ज्यांना झिडकारले, अशा दुर्बल आणि तिरस्कृत जिवांना तेथे आश्रय मिळावा, हा त्याचा हेतू होता. ज्या गावात पदकाचा तुकडा सापडतो, ते याच झिडकारलेल्यांचे गाव. आश्रयस्थानाची वाट शत्रूला कळू नये म्हणूनच मडक्याच्या रूपातील वृद्ध तो तुकडा जपत बसलेला असतो. वाट गुप्त आहे, कारण तिच्या टोकाला कुणाचा तरी जीव सुरक्षित राहायचा आहे. ही संगती ज्याच्या ध्यानात येते, त्याच्यासाठी ती वाट केवळ कोडे उरत नाही. शेवटी वृक्षाच्या मुळाशी मिकेलाची बहीण मलेनिया भावाची वाट पाहत असते आणि ज्याच्यासाठी हे सारे उभे राहिले, तो मिकेला तेथे नसतोच. चटकन बक्षीस देऊन टाळ्या वाजवणाऱ्या खेळांच्या गर्दीत ही करुण रिक्तता मनात दीर्घकाळ रेंगाळते.

दिग्दर्शक मियाझाकी यांच्या बालपणात या शैलीचे मूळ सापडते. घरची परिस्थिती बेताची असल्याने ते ग्रंथालयातून पुस्तके आणत. इंग्रजी अद्भुतकथा त्यांना पुरत्या समजत नसत. जे समजत नसे, ते चित्रांच्या आणि कल्पनेच्या आधारे ते भरून काढत, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. अर्धवट कळलेल्या मजकुराने त्या मुलाला खिन्न केले नाही, उलट घडवले. मुलांना सर्व काही चावून, मऊ करून भरवण्याच्या आजच्या पद्धतीने याचा विचार करावा.

गाईडचे संकट

खरा प्रश्न पुढेच आहे. गुप्त पदकाचे दोन्ही तुकडे कोठे आहेत, हे इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडते. चित्रफीत पाहत एकेक पाऊल टाकले, की संध्याकाळभरात हेलिगट्री गाठता येते. मराठी घरांना हा प्रकार अपरिचित नाही. पाठ्यपुस्तक न उघडता गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचाच्या बळावर परीक्षेत गुण मिळवणारी पिढी याच घरांनी घडवली. गुण मिळाले, पण विषय मात्र परकाच राहिला. दुसऱ्याच्या पावलांवर पाऊल ठेवून गाठलेल्या प्रदेशाचेही तसेच होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मडक्यात माणूस लपलेला आहे, हे केवळ बुद्धीने कुणाला कळावे? नोकरी वा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्याने किती मडकी फोडावीत? याचे उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. जगभरचे खेळाडू एकमेकांसाठी जमिनीवर छोटे संदेश लिहून ठेवू शकतात. अदृश्य पुलावरही असे संदेश आधीच्या वाटसरूंच्या खुणा होऊन वाट दाखवतात. त्यांत काही खोटेही असतात, म्हणून पारख करावी लागते. मदत घेणे हा दोष नव्हे. वाटसरूला वाट विचारणे वेगळे आणि डोळे मिटून पालखीत बसणे वेगळे.

निर्मात्यांनी मात्र आपला आग्रह सोडला नाही. २१ जून २०२४ रोजी या खेळाची विस्तारित आवृत्ती आली. तिच्यात प्रवेश करण्यासाठी मूळ खेळातील दोन बलाढ्य शत्रूंना हरवणे आवश्यक ठेवले गेले. त्यांतील मोग हा असा, की त्याच्याकडे जाणारी एक वाट याच गुप्त हिमप्रदेशातून जाते आणि दुसरी एका पात्राच्या आडवळणाच्या उपकथेतून. संगणकावर खेळणाऱ्यांच्या स्टीम या विक्रीमंचावरील नोंदींनुसार तेव्हा ४० टक्क्यांहूनही कमी खेळाडूंनी मोगला हरवले होते. नवा माल विक्रीला काढायचा आणि त्याचे दार दुर्गम वाटेच्या टोकाला ठेवायचे, यामागे ग्राहकाच्या कुवतीवरचा विश्वास आहे.

याचा अर्थ मुलांच्या हाती असे खेळ सरसकट द्यावेत, असा नव्हे. रक्तपात आणि भीषण दृश्ये असल्याने युरोपात हा खेळ १६ वर्षांवरील वयासाठीच योग्य ठरवलेला आहे. ती मर्यादा घरातही पाळली जावी. वेळेचे बंधनही हवेच, कारण शोध घेण्याच्या नावाखाली झोप आणि अभ्यास यांचा बळी जात असेल, तर ते व्यसनच. मात्र खेळणाऱ्या तरुणाला "किती वेळ बसलास?" एवढेच विचारून थांबू नये. "काय शोधतो आहेस? ते स्वतः शोधलेस, की कुणी सांगितले?" हेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात मोकळेपणाने दिले जाते, तेथे वडीलधारी आणि मुले यांच्यातील एक अदृश्य पूल आपोआप दिसू लागतो. त्यासाठी कोणत्याही गाईडची आवश्यकता नाही.