बोटभर ठिणगीचं दुखणं

डोंबिवलीत भाच्याने घरीच टेस्ला कॉइल बांधली: पीव्हीसी पाइपवर तांब्याची इनॅमल तार, एकेक वेढा नखाने सरकवत. चालू केली तर ठिणगी जेमतेम बोटभर. तो लगेच मोठा ट्रान्सफॉर्मर आणायला लॅमिंग्टन रोडला निघाला होता, मी थांबवलं. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये मांडलेलं हे यंत्र ताकदीपेक्षा तालावर चालतं. झोपाळ्याला अवेळी धक्का दिला तर तो चढत नाही, तसंच हे: खालची गुंडाळी आणि वरची, पाइपवरची, एकाच सुरात हव्यात. त्याने वर नवं, मोठं ॲल्युमिनियमचं कडं बसवलं होतं. त्यामुळे वरच्या गुंडाळीची कंपनसंख्या उतरली आणि खालची जुन्याच सुरात राहिली. प्लग काढला, कपॅसिटरमधला विद्युतभार उतरवला (हे दर वेळी, न चुकता!) आणि खालच्या गुंडाळीवरची क्लिप पाव-पाव वेढा बाहेर सरकवत गेलो. अर्थिंगची तारही घराच्या वायरिंगमधून काढून अंगणात ठोकलेल्या वेगळ्या सळईला जोडली. पावसाळ्यात दमटलेली गुंडाळी आधी वाळवून तिला वार्निश दिलं होतंच. सातव्या प्रयत्नाला दिवे मालवले, तेव्हा कड्यावरून वीतभर जांभळी ठिणगी कडाडली आणि खोलीत ओझोनचा तिखट वास पसरला.